पोटावरचे केस गेलेली मांजर: दीर्घकाळ रेंगाळलेल्या त्वचाविकाराचे एक प्रकरण

मनी ही आखूड केसांची, नसबंदी झालेली, साधारण पाच वर्षांची मांजर. ती पूर्णपणे घरात वाढलेली असून तिच्यासोबत वयाने थोरला, लांब केसांचा एक बोका राहतो. तपासणीसाठी आणले तेव्हा तिचे पोट, मांड्यांची आतील बाजू आणि पुढच्या पायांचा मागचा भाग जवळजवळ केसविरहित झाला होता. शेपटीच्या बुडाशी आणि मानेवर हात फिरवला की बाजरीच्या दाण्याएवढ्या खपल्या बोटांना लागत होत्या आणि वरच्या ओठाच्या कडेला, सुळ्याच्या समोर, एक खोलगट, लालसर आणि गुळगुळीत काठाची जखम होती. हा त्रास दीड वर्षाहून अधिक काळ चालला होता.

या काळात तिच्यावर उपचार झाले नव्हते असे मुळीच नाही. दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या स्टेरॉइडची इंजेक्शने, प्रतिजैविकांचे दोन प्रकार, बुरशीनाशक मलम, औषधी शाम्पू आणि खाद्याचे चार-पाच ब्रँड एकामागून एक वापरून झाले होते. इंजेक्शननंतर काही आठवडे केस परत येत आणि पुन्हा जात. पहिल्या इंजेक्शनचा गुण जितका टिकला, तितका पुढच्यांचा टिकला नाही. शेवटी बोका घरात आल्यानंतर त्रास सुरू झाला हे पाहून मनीला मानसिक ताण आहे, असा निष्कर्ष काढण्यात आला आणि ताण कमी करणारी औषधे सुचवण्यात आली. पालकांनी हात टेकले होते. त्यांचे एक वाक्य मात्र नोंदवून ठेवण्यासारखे आहे: "डॉक्टर, ती खाजवताना कधीच दिसत नाही. फक्त जरा जास्त स्वच्छ राहते एवढेच."

केस गळतात की काढले जातात?

मांजराच्या अंगावर केस नसलेला भाग दिसला की सर्वांत आधी या प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागते, कारण पुढचा सगळा तपास त्यावर ठरतो. कुत्रे खाजवते तेव्हा घरातल्या सगळ्यांना ते दिसते आणि ऐकूही येते. मांजर मात्र या बाबतीत ताकास तूर लागू देत नाही. खाज असलेली बरीच मांजरे पंजाने खाजवण्याऐवजी चाटतात, तीही पलंगाखाली, कपाटावर किंवा घर झोपल्यानंतर. जिभेवरचे मागे वळलेले कठीण काटे केस तोडतात, ते केस पोटात जातात आणि पालकांना दिसते ती फक्त गुळगुळीत कातडी. म्हणून "खाजवत नाही" हे उत्तर खाज नसल्याचा पुरावा म्हणून मी धरत नाही.

उघड्या भागाच्या कडेचे थोडे केस चिमट्याने उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. नैसर्गिकरीत्या वाढलेल्या केसाचे टोक निमुळते होत जाते; मनीच्या बहुतेक केसांची टोके तुटलेली आणि फाटे फुटलेली होती, तर मुळे मात्र निरोगी दिसत होती. उघडी वाटणारी त्वचाही बोट उलट्या दिशेने फिरवल्यावर खरखरीत लागत होती, म्हणजे तिथे कापल्यासारखे खुंट शिल्लक होते. शिवाय खालच्या पुढच्या दातांच्या फटीत केस अडकलेले सापडले आणि विष्ठेत केसांचे प्रमाण वाढल्याचे पालकांना विचारल्यावर आठवले. पुढे त्यांनी रात्री मोबाइल लावून चित्रण केले, तेव्हा मनी पहाटेच्या सुमारास पोट आणि मांड्या बराच वेळ न थांबता चाटत असल्याचे स्पष्ट दिसले.

केस आपोआप गळत असते तर वाट वेगळी झाली असती. वयस्क मांजराचे केस सहज हातात येत असतील आणि पोटाची त्वचा चकाकणारी झाली असेल, तर स्वादुपिंडाच्या किंवा यकृताच्या अर्बुदाचा (गाठीचा) विचार करावा लागतो. संप्रेरकांच्या विकारामुळे शरीराच्या दोन्ही बाजूंचे केस सारखेच जाणे मांजरांत फार क्वचित आढळते. मनीच्या बाबतीत ही दारे पहिल्याच दिवशी बरीचशी मिटली. ती स्वतः केस काढत होती. आता ती का चाटते, एवढेच शोधायचे होते. त्याची तीन मोठी कारणे असू शकतात: खाज, वेदना आणि मन. या तिन्हींपैकी मनाचे कारण सर्वांत शेवटी धरायचे, याबद्दल माझे मत ठाम आहे. ज्या मांजरांचा केसांचा त्रास मानसिक असावा असे गृहीत धरले होते अशा 21 मांजरांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. सखोल तपासणीनंतर त्यांपैकी 16 जणींत खाजेचे शारीरिक कारण सापडले, तिघींत शारीरिक आणि मानसिक अशी दोन्ही कारणे एकत्र होती आणि केवळ मानसिक कारण फक्त दोघींत उरले. मांजरे थोडी आहेत, तरी त्यातला इशारा मोठा आहे.

संसर्ग आणि वेदना वगळणे

घरात लहान मूल होते, त्यामुळे गजकर्णाची, म्हणजे मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीची, शक्यता लगेच तपासणे भाग होते. ही बुरशी माणसाला लागते आणि तिचे बीजाणू घरात अनेक महिने टिकून राहू शकतात. वुड्स दिव्याच्या अतिनील प्रकाशाखाली तिची बाधा झालेले केस बऱ्याचदा हिरवट चमकतात. मनीचे केस चमकले नाहीत, पण केवळ तेवढ्यावर बुरशी नाही असे म्हणता येत नाही. नव्या कोऱ्या टूथब्रशने तिचे सर्व अंग विंचरून त्यावर आलेले केस संवर्धनासाठी, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढते का ते पाहण्यासाठी, पाठवले. त्याचा निकाल यायला दोन ते तीन आठवडे लागतात. तोवर मुलाने तिला कुशीत घेऊन झोपू नये, एवढी दक्षता घेण्यास सांगितले. निकाल नकारात्मक आला. याआधी वापरलेले बुरशीनाशक मलम अशी कोणतीच चाचणी न करता दिले गेले होते. त्यात औषधाबरोबर वेळही वाया गेला, शिवाय अंगाला लावलेले मलम मांजर चाटून पोटात घेते, ही गोष्ट निराळीच.

त्वचा खरवडून आणि चिकटपट्टी लावून घेतलेल्या नमुन्यांत खरजेचे किडे दिसले नाहीत. मात्र डेमोडेक्स गाटोई नावाचा त्वचेच्या वरच्या थरात राहणारा, अतिशय खाज आणणारा सूक्ष्म किडा चाटण्याबरोबर मांजराच्या पोटात जातो आणि त्वचेवर बऱ्याचदा सापडत नाही, त्यामुळे पुढचे पिसवांचे औषध निवडताना या किड्यांवरही चालणारे निवडायचे ठरवले. ओठाच्या जखमेवर काच टेकवून घेतलेल्या नमुन्यात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी होती आणि थोडे गोल जीवाणू होते. इओसिनोफिल दिसणे म्हणजे बोट ॲलर्जी किंवा परजीवींकडे वळणे. जीवाणू तिथे होते, पण ते उघड्या जखमेवर नंतर येऊन बसलेले होते. प्रतिजैविक दिले की जखम थोडी बरी दिसे आणि औषध संपले की पूर्ववत होई, याचा उलगडा यातून झाला.

वेदनेचा विचार पोटाच्या बाबतीत विसरून चालत नाही. मूत्राशयाला सूज असलेली मांजरे पोटाचा खालचा भाग चाटून चाटून उघडा करतात, सांधेदुखी असलेली दुखऱ्या सांध्यावरचे केस काढतात आणि गुदग्रंथी भरलेल्या असतील तर चाटणे शेपटीखाली वाढते. मनीची लघवी आणि मूत्राशयाची सोनोग्राफी व्यवस्थित होती, गुदग्रंथी रिकाम्या होत्या. इतक्या स्टेरॉइडनंतर मधुमेहाची तपासणी आवश्यकच होती. दवाखान्यातील भीतीनेही मांजराची रक्तशर्करा वाढते, म्हणून तिच्या जोडीला मागील एक-दोन आठवड्यांची सरासरी दाखवणारी फ्रुक्टोसामाइनची चाचणी केली. सुदैवाने ती मर्यादेत होती.

"आमच्या घरात पिसवा नाहीत"

ॲलर्जी म्हटली की पालकांना रक्ताची एखादी चाचणी हवी असते, तिच्या अहवालात कारणाचे नाव छापून यावे असे वाटते. अन्नाच्या ॲलर्जीसाठी अशी भरवशाची रक्तचाचणी उपलब्ध नाही. मांजरांच्या ॲलर्जीचे निदान एकेक कारण काढून टाकत जाऊनच होते आणि या मार्गाची पहिली पायरी पिसवांची असते, मग पिसवा दिसोत वा न दिसोत.

पिसवांचे नाव काढताच पालक नाराज झाले. घर स्वच्छ, मांजरे बाहेर जात नाहीत, आजवर एकही पिसू कोणी पाहिली नाही. मनीच्या अंगावरून उवांच्या फणीसारखी बारीक दातांची फणी फिरवली, तर खरोखरच काही निघाले नाही. मग बोक्याला आणायला सांगितले. त्याच्या जाड केसांत, पाठीच्या शेवटच्या भागात, फणीने काळे बारीक कण निघाले. ते ओल्या पांढऱ्या कागदावर टाकताच प्रत्येक कणाभोवती तांबूस कडे पसरले. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजेच पचलेले रक्त. बोक्याला पिसवांची ॲलर्जी नव्हती, तो निवांत होता. मनीला ती होती, त्यामुळे अंगावर आलेली पिसू ती चाटून गिळून टाकत असे. ज्या मांजराला सर्वांत जास्त त्रास होतो, त्याच्याच अंगावर पिसू सापडत नाही, ही गोष्ट मी प्रत्येक पालकाला हाताने दाखवतो, कारण नुसते सांगून ती पटत नाही.

ॲलर्जी पिसवेच्या लाळेची असते आणि तिला थोडेसे चावेही पुरतात. एक मादी पिसू दिवसाला 40 ते 50 अंडी घालू शकते. ती अंडी केसांवरून घरंगळून गालिच्यात, फरशीच्या फटीत आणि झोपायच्या गादीत जातात. तिथे अळी होते, अळीचा कोश होतो आणि कोशातील पिसू अनुकूल वेळ येईपर्यंत महिनोन्‌महिने थांबू शकते. म्हणून एकदा औषध लावून "फरक पडला नाही" असे म्हणण्याला अर्थ नसतो. दोन्ही मांजरांना एकाच दिवशी मानेवर सोडायचे औषध सुरू केले, ते लागोपाठ किमान तीन महिने चालू ठेवायचे ठरवले, अंथरुणे गरम पाण्यात धुण्यास आणि सोफ्याखालून नियमित व्हॅक्यूम फिरवण्यास सांगितले. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले औषध मांजराला कधीही लावू नये, हे इथे स्पष्ट लिहितो. पालकांच्या एका परिचितांनी नेमके तेच देऊ केले होते. मांजराच्या यकृताला ते नीट निष्प्रभ करता येत नाही. अंगाला कंप, झटके आणि मृत्यू इथपर्यंत मजल जाते. त्वचेसाठी म्हणून लावले जाणारे टी ट्री तेलही मांजरासाठी विषारी आहे.

आधीच्या इंजेक्शनचा परिणाम ओसरेपर्यंत कोणत्याही चाचणीचा अर्थ लावता येणार नव्हता, म्हणून नवे इंजेक्शन दिले नाही. सुरुवातीचे काही दिवस खाज असह्य होऊ नये यासाठी तोंडावाटे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिले आणि ते उतरत्या क्रमाने बंद केले. मांजरासाठी प्रेडनिसोनऐवजी प्रेडनिसोलोनच वापरावे लागते, कारण पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर मांजराच्या शरीरात पुरेसे होत नाही. गोळीचा डोस रोज कमी करता येतो, प्रसंगी थांबवताही येतो. दीर्घकाळ चालणारे इंजेक्शन एकदा दिले की परत घेता येत नाही आणि त्याच्या पुनरावृत्तीने मधुमेह, त्वचा कागदासारखी पातळ होऊन फाटणे, तसेच काही मांजरांत हृदयावर ताण येणे असे धोके संभवतात.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस शेपटीच्या बुडाच्या आणि मानेच्या खपल्या गेल्या होत्या, ओठाची जखम भरत आली होती. पोट मात्र तसेच उघडे होते.

अर्धा गुण

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच होता आणि बहुतेक प्रकरणे इथेच भरकटतात. पोट सुधारले नाही म्हणून पिसवांचे निदान चुकले असे समजून औषध बंद केले जाते, किंवा निम्मे बरे वाटले म्हणून उरलेल्याला "सवय" असे नाव दिले जाते. वस्तुतः एकाच मांजरात दोन ॲलर्जी असणे अजिबात दुर्मीळ नाही. खाजेला एक उंबरठा असतो; पिसवा आणि अन्न दोन्ही मिळून तो ओलांडतात. त्यामुळे पिसवांचे औषध न थांबवता, त्यावर आहाराची चाचणी रचली.

पालक म्हणाले, "खाणे आम्ही चार वेळा बदलले." जुनी पाकिटे पाहिल्यावर त्या बदलांचा निकाल लागला. एकावर टर्की, दुसऱ्यावर बदक, तिसऱ्यावर मासे असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते, परंतु घटकांच्या बारीक यादीत चारही पाकिटांत कोंबडी होती, कुठे पिठाच्या, कुठे चरबीच्या रूपात. शिवाय प्रत्येक खाद्य दोन-तीन आठवड्यांतच बदलले गेले होते. अन्नाच्या ॲलर्जीची चाचणी किमान आठ आठवडे चालवावी लागते. ॲलर्जी असलेल्या बहुतेक मांजरांत सुधारणा एवढ्या काळात दिसते, त्याआधी दिसेलच असे नाही. मांजरांत गोमांस, मासे आणि कोंबडी ही कारणे जास्त आढळतात. धान्य हे नेहमीचे कारण आहे असा समज पसरला आहे, त्यामुळे धान्यविरहित खाद्यावर पैसे खर्च होतात आणि आतील कोंबडी तशीच राहते.

मनीसाठी हायड्रोलाइज्ड खाद्य निवडले, म्हणजे ज्यातील प्रथिनांचे तुकडे इतके लहान केलेले असतात की रोगप्रतिकारक यंत्रणा ती सहसा ओळखत नाही. मांजर नवे अन्न नाकारते तेव्हा "भूक लागली की खाईल" हे धोरण घातक ठरते: काही दिवसांच्या उपासानेच मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून जीव धोक्यात येतो. म्हणून जुन्यात थोडे थोडे नवे मिसळत सुमारे दहा दिवसांत बदल पूर्ण केला आणि आठ आठवड्यांची मोजणी त्यानंतर सुरू केली. एकाने दुसऱ्याच्या ताटात तोंड घालू नये म्हणून बोक्यालाही तेच खाद्य दिले.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात चाटणे कमी झाले आणि पोटावर मऊ लव दिसू लागली. मग एकाएकी ते पुन्हा वाढले. पालकांनी शपथेवर सांगितले की दुसरे काही दिलेले नाही. ते खरेच होते, कारण त्यांच्या लेखी ते अन्न नव्हतेच. पोटातले केसांचे गोळे निघावेत म्हणून मनीला रोज सकाळी बोटावर दिली जाणारी पेस्ट कोंबडीच्या अर्काची होती आणि जुनी नळी संपल्याने मध्यंतरी थांबलेली ती नवीन आणताच सुरू झाली होती. आहारचाचणीत ताटाबाहेरचे सगळे विचारावे लागते: जंताची चवदार गोळी, औषध लपवायचा खाऊ, शेजाऱ्यांकडची वाटी. पेस्ट बंद केली, मोजणी पुढे वाढवली.

केसांवर लक्ष ठेवून बसू नका, असे पालकांना वारंवार सांगितले. केस वाढायला दोन-तीन महिने आणि कधी त्याहून जास्त लागतात, त्यामुळे ते नेहमी मागून येणारे लक्षण असते. रात्रीच्या चित्रणातील चाटण्याचा वेळ आणि बोट फिरवल्यावर खुंट लागतात की मऊ टोके, या दोन खुणा आधी बदलतात. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच प्रकाशात पोटाचे छायाचित्र काढण्याचा फार उपयोग झाला, कारण रोज पाहणाऱ्याच्या नजरेला सावकाश होणारा फरक कळत नाही.

निदानाची खातरजमा

चाचणीच्या शेवटी पोट लवेने भरले होते. अशा वेळी पालकांना सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट सुचवावी लागते, ती म्हणजे जुने खाद्य पुन्हा देणे. त्याशिवाय सुधारणा आहारामुळे झाली की ऋतू बदलल्यामुळे, हे कळत नाही, आणि मांजर विनाकारण आयुष्यभर महागड्या खाद्यावर राहते. मनीला जुने खाद्य दिल्यावर आठवड्याच्या आतच रात्रीचे चाटणे सुरू झाले. ते थांबवून ती स्थिरावल्यावर एकेक घटक स्वतंत्रपणे, प्रत्येकी दोन आठवडे देऊन पाहिला. नुसत्या शिजवलेल्या कोंबडीने खाज परत आली. माशाने आली नाही. पिसवांच्या लाळेची आणि कोंबडीची ॲलर्जी, असे निदान पक्के झाले.

हीच चाचणी निष्फळ ठरली असती, तर धूळ-परागांसारख्या वातावरणातील घटकांमुळे होणाऱ्या ॲलर्जीकडे वळावे लागले असते. तिच्यासाठी रोगप्रतिकारक यंत्रणा शांत करणारे सायक्लोस्पोरिन किंवा कमीत कमी मात्रेतील प्रेडनिसोलोन हे उपाय आहेत, परंतु ते आयुष्यभर चालणारे असल्याने आधीच्या पायऱ्या गाळून तिथे उडी घेऊ नये.

बोक्यामुळे मनीला ताण होता का? काही प्रमाणात असेल. दोन मांजरांसाठी तीन शौचपेट्या, वेगवेगळ्या खोल्यांत जेवण आणि उंचावर बसायला जागा अशी व्यवस्था सुरुवातीलाच करवून घेतली होती, कारण ती कोणत्याही मांजराला हवीच असते. पण बोका घरात आल्यावर त्रास सुरू झाला या निरीक्षणाचे अधिक साधे स्पष्टीकरण आता हाती आले होते: तो येताना पिसवा घेऊन आला होता.

सध्या मनी माशावर आधारित, कोंबडीचा अंशही नसलेल्या खाद्यावर आहे, दोन्ही मांजरांना पिसवांचे औषध बाराही महिने दिले जाते आणि ताण कमी करणारी औषधे बंद आहेत. डाव्या मांडीच्या आतील बाजूस केस अजून विरळ आहेत. तिथे वारंवार चाटल्याने त्वचा जाड झालेली आहे आणि तेवढी जागा पूर्ण भरेल याची खात्री मी दिलेली नाही. चाटणे पुन्हा वाढले तर आधी बोक्याच्या अंगावरून फणी फिरवावी, मग पिसवांच्या औषधाची शेवटची तारीख पाहावी, त्यानंतर घरात आलेले नवे पाकीट, पेस्ट किंवा गोळी तपासावी आणि तरीही कारण सापडले नाही तर मनीला तपासणीसाठी आणावे, असे लिहून दिले आहे. त्वचेचा नमुना पाहिल्याशिवाय कोणतेही इंजेक्शन देऊ नये, अशी नोंद तिच्या कागदपत्रांच्या पहिल्या पानावर केली आहे.